जाकिटांची मोजणी

खसबच्या धक्क्यावर, पंख्याखालच्या टेबलाशी
नऊ वर्षं मी खोरांची वर्णनं टाइप केली.
निळंशार पाणी, निवांत किनारा, सहकुटुंब अवश्य यावे.
शम, नदीफी, सीबी, मक्लब,
प्रत्येकीला अडीच ओळी,
खाली जेवणासह दर, जेवणाविना दर.

एकीतही पाय ठेवला नव्हता.
बोट नुसती हलली तरी
मला एस.टी.चं मागचं सीट आठवतं,
आणि आईने खिशात घातलेलं लिंबू.

गावाकडे सांगतात, आमचा सुदर्शन आखातात असतो.
जणू मोठ्या रांजणात ठेवलाय मला
वरून ताटली झाकून.

खोर हा शब्द इथे पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं होतं.
आमच्याकडे खोरं म्हणजे पैनगंगेचं,
दोन्ही अंगांना पऱ्हाटी, मधोमध आटत चाललेली रेघ.
नाहीतर खोरं म्हणजे माती ओढायचं,
दांडा ढिला झालेलं.
इथे खोर म्हणजे डोंगरात शिरलेला समुद्र,
आत येऊन बसलेला,
कशासाठी उठलो होतो ते विसरलेल्या माणसासारखा.

जुलैत पर्यटक फिरकत नाहीत.
मालक म्हणाले, जाकिटं मोजून घ्या सगळ्या बोटींवरची.
हुमैदची बोट सीबीत अडकलेली, इंजिन उघडून ठेवलेलं.
म्हणून मी निघालो
खोरातल्या वस्त्यांना गोडं पाणी पोचवणाऱ्या बोटीने.

पाण्यावरून पाणी चाललं होतं.
मी कठड्यावर वाकून
सकाळचा चहा समुद्राला परत केला.
तांडेलाने न बघता पुढ्यातली वही माझ्याकडे सरकवली,
वारा घाल म्हणून.

मग वळण आलं आणि वारा बंद झाला.
एकदम. कुणी दार लावून घ्यावं तसा.
दोन्हीकडे उभे कडे, झाड नावाला नाही,
दगडाचे थर जुन्या खातेवह्यांसारखे
एकावर एक रचलेले, आणि मधे कुठेतरी
सगळा हिशेब वाकलेला.

सीबीत सात घरं. चारांना कुलूप.
वाळत घातलेल्या तारल्यांचा वास,
पुठ्ठा चघळणारी शेळी,
आडवा पाडलेला एक फ्रिज, त्यात जाळी.
आणि काठावर पाण्याचा पाइप हातात धरून
एक बाई उभी. तांडेलाला बोलत होती.
भाषेतलं अक्षर कळलं नाही मला
पण पट्टी ओळखीची होती:
दोन दिवस उशिरा आलेल्या टँकरवाल्याला
माझी आई याच पट्टीत बोलायची,
बोलता बोलता हंडा पुढे सरकवत.

मला चक्कर येत होती ती थांबली.

हुमैदने ग्रीसचे हात लुंगीला पुसले.
मोडक्या हिंदीत म्हणाला, सब लोग इधर अपना नाम चिल्लाता है,
पहाड वापस देता है. तुम भी.
नाव घशापर्यंत आलं, पण स्वतःलाच कसं हाकारायचं?
तोंडातून निघालं ते नुसतं
ओ.
घरातून कुणी हाक मारल्यावर देतात तो.
कड्याने विचार केल्यासारखा वेळ घेतला,
मग तोही म्हणाला, ओ.
दोघांनी ओ दिली होती,
हाक कुणाचीच नव्हती.
बाईने पाइप बाजूला धरून वळून पाहिलं,
आणि पुन्हा टाकी भरू लागली.

जाकिटं बावीस. चार उसवलेली.
एक लहान मुलाचं, प्लास्टिकमधून न काढलेलं,
शिट्टीसकट.

रात्री ऑफिस उघडून सीबीचं पान काढलं.
निळंशार तसंच ठेवलं, ते खोटं नव्हतं.
निवांत खोडलं.
अडीच ओळींत जागा तेवढीच उरत होती,
तिथे लिहिलं:
पिण्याचे पाणी सोबत आणावे.
जमल्यास थोडे जास्त.